हिरॉईनच्या अंगावर माझा रंग

आई,

काल अंधेरीला आमच्या सिनेमाचा खेळ झाला, फक्त काम केलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. तिथून आल्यापासून मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. बाबांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, "हे तिला विचारायला हवं होतंस," आणि टीव्हीचा आवाज वाढवला. वाईट वाटलं की ते आवाज वाढवतात, हे तू गेल्यावर मला कळायला लागलं. म्हणून तुलाच विचारते. उद्या सकाळपर्यंत मला काहीतरी ठरवायचं आहे आणि माझं काहीच ठरत नाहीये.

मी काय काम करते ते तुला माहीत नाही. तू गेलीस तेव्हा मी आठवीत होते आणि मी शिक्षिका होणार असं तू धरूनच चालली होतीस. मी सिनेमाच्या सेटवर कंटिन्युइटी बघते. सिनेमा काही ओळीनं काढत नाहीत. आज शेवट, परवा मधलं काहीतरी, असं चालतं. तेव्हा हिरॉईनच्या डाव्या गालावर ओरखडा असेल तर पुढच्या आठवड्यात घेतलेल्या शॉटमध्येही तो डाव्याच गालावर आणि तेवढाच लांब असायला हवा. पेल्यात पाणी किती होतं, पदराचं कुठलं टोक पुढे होतं, हे सगळं बघायचं, आणि चुकलं की तिथल्या तिथे सांगायचं. सगळे दमलेले असताना "परत करावं लागेल" म्हणणारी मुलगी ती मी. फारशी कुणाला आवडत नाही. पण हे काम मला जमतं, कारण ते तूच शिकवलेलं आहे.

आरेच्या क्वार्टरमधलं स्वयंपाकघर. दम्यामुळे माझी शाळा नाही, तिसरीपर्यंत शाळा म्हणजे तूच. मी पाटावर बसलेय, तू मेथी निवडते आहेस, आणि माझ्यासमोर तुझ्या चहाचा कप आहे. "रंग कुठला?" तू विचारतेस. मी म्हणते, "तपकिरी." "सगळा?" मी वाकून बघते. "कडेला पिवळा आहे थोडा." "आणि वर?" "वर साय आलीय. ती पांढरी नाहीये." "मग आधी तपकिरी कशाला म्हणालीस? न बघता बोललीस." लग्नाआधी तू गावी बालवाडी चालवायचीस, तेव्हाही मुलांना असंच हैराण करत असशील. मला मात्र त्या दिवसापासून न बघता बोलायची भीती बसली, ती अजून आहे.

आणि तो खडूंचा दिवस. पेटीत एक फिकट गुलाबी खडू असायचा, त्याला क्वार्टरमधली सगळी मुलं 'अंगाचा रंग' म्हणायची. मी माझं चित्र काढलं आणि तोच खडू तोंडाला, हातापायांना फासला. तू इतकी चिडलीस की मला धाप लागायची बाकी होती. "ही कोण आलीय आपल्या घरात? मी नाही ओळखत हिला. जे दिसतं ते काढ." मग तू माझा हात धरून कागदाशेजारी ठेवलास. नुसता तपकिरी खडू चालेना. त्यावर थोडा पिवळा, त्यावर अगदी हलका लाल. दोघी घासत बसलो. शेवटी तू म्हणालीस, "हां. आता आलीस." ते चित्र तू मिठाच्या बरणीमागे भिंतीला चिकटवलंस आणि क्वार्टर सोडेपर्यंत ते तिथेच होतं.

पण दर रविवारी, त्याच ओट्याशी, तू वाटीत साय आणि बेसन कालवायचीस. बाबा डेअरीत, त्यामुळे सायीला आपल्याकडे तोटा नव्हता. कोपरापासून मनगटापर्यंत तू घासायचीस, मग मान, मग तोंड. स्वतःला कधी लावलं नाहीस. रंग तर आपल्या दोघींचा एकच होता. मी एकदा विचारलंही, "आई, हे गोरं व्हायला ना?" तू म्हणालीस, "हात सरळ कर."

आई, ती खडूवाली तू आणि ही वाटीवाली तू, या दोघींना मला अजूनही एका जागी बसवता आलेलं नाही. इतकी वर्षं त्यावाचून काही अडलं नव्हतं. या सिनेमानं अडलं.

आमची दिग्दर्शिका, तिला सगळे मॅडम म्हणतात, माझ्याहून थोडी मोठी, पवईत वाढलेली, मनानं चांगली. तिला आपल्या आरेतल्या पाड्यावरच्या मुलीवर सिनेमा करायचा होता. पदर खोचून झाडांवरून झेपा घेणारी, चोरून झाडं तोडायला येणाऱ्यांना पळवून लावणारी मुलगी. सुपरहिरो. मला कामावर घेताना ती म्हणाली, "तू लहानपणी हे कॉमिक्स-बिमिक्स वाचताना स्वतःसारखं कुणी पाहिलंस? नाही ना? बस. म्हणून." मी मान हलवली. खरं म्हणजे मी कॉमिक्स वाचलेलीच नव्हती, आपल्याकडे ती यायचीच नाहीत. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. तिच्या गोष्टीला कित्येक वर्षं कुणी पैसे देत नव्हतं. शेवटी एकजण तयार झाला तो म्हणाला, सावळी चालेल, पाड्यावरची चालेल, पण चेहरा ओळखीचा पाहिजे. म्हणून मालिकांमधली एक गोरीपान मुलगी घेतली आणि तिला रोज सावळं करायचं ठरलं. त्या दिवशी मॅडम माझ्याजवळ येऊन बसली. "मला पटत नाहीये गं. पण नाही म्हटलं तर पिक्चरच होणार नाही, आणि मग तर कुणीच दिसणार नाही. तू असतीस तर काय केलं असतंस?" मी म्हटलं, "रंग रोज सारखा राहायला हवा, एवढं मी बघीन."

पैसे इतके कमी होते की सुपरहिरोच्या पाठीवरचा झगा म्हणजे रंगवलेली चादर होती. उडण्याचे शॉट मरोळच्या एका गाळ्यात हिरव्या पडद्यापुढे, मांडवातला मोठा पंखा लावून घेतले. पहिल्याच दिवशी त्या पंख्यानं चादर हिरॉईनच्या तोंडाभोवती गुंडाळली आणि ती वर दोरीला लटकून ओरडायला लागली. प्रॉडक्शनचा माणूस म्हणाला, "आयला, व्हिलनचा खर्च वाचला." सगळे हसले, हिरॉईनही हसली. वाईट नव्हती ती. रोज तास-दीड तास न हलता रंग लावून घ्यायची.

तो रंग लावणारा मेकअपदादा मूळचा मालवणकडचा. गोरीला सावळी करायची, पण कुठली सावळी? पहिल्या दिवशी तीन-चार छटा करून बघितल्या, मॅडमला एकही पटेना. "खोटी वाटतेय, काळं फासल्यासारखी." तेव्हा दादाची नजर माझ्यावर गेली. "गो, हात हाड हय." मी हात पुढे केला. त्यानं माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला बोट ओढलं, मग वरच्या बाजूला, आणि ताटलीत रंग कालवायला लागला. तपकिरी, त्यात पिवळा, त्यात अगदी थोडा लाल. मी श्वास रोखून बघत होते. "हाताक काय लावतंस काय गो?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "नाही." "बरां. कायेक लावू नको. नायतर माझो रंग चुकतलो." तेव्हापासून रोज सकाळी खुर्चीत हिरॉईन बसायची, तिच्या गालाशेजारी माझा हात, आणि दोन्ही एक झाले की दादा म्हणायचा, "जमला." मग मी फोटो काढायचे. सिनेमातल्या आदिवासी सुपरहिरोचा रंग कोकणातून गिरणीत आलेल्या आपल्या आजोबांच्या नातीचा होता. हे बरोबर होतं का, मला माहीत नाही. पडद्यावर स्वतःला बघायला मिळतंय म्हणून मला बरं वाटायला हवं होतं. बरं वाटायचंही. आणि दुपारी डबा अर्धा तसाच घरी परत न्यायचे.

हिरॉईनच्या जागी खऱ्या उड्या मारायला मात्र खरंच पाड्यावरची मुलगी होती. आपल्या जुन्या क्वार्टरच्या मागे, पलीकडचा पाडा. कबड्डी खेळते, झाडावर चढली की खालून हाका मारल्या तरी उतरत नाही. तिचा रंग माझ्याहून गडद. त्यामुळे दादाला तिला उजळ करावं लागायचं. पहिल्या दिवशी ती आरशात बघून म्हणाली, "काका, तिला काळी करता, मला गोरी करता. मग आम्ही दोघी मिळून कोण?"

"ही," दादा म्हणाला आणि ब्रश माझ्याकडे केला.

ती इतकी हसली की दादाला परत लावायला लागलं. मीही हसले. आई, त्या हसण्यात मी खरी होते की नाही, तेवढं मला सांगता येणार नाही.

मग तबेल्याचा दिवस. छपरावरून उडी होती, खाली गाद्या आणि त्यावर गवत. मुलीला बजावून ठेवलेलं की पाठ कॅमेऱ्याकडे. उन्हं उतरत आलीयेत. ती छपराच्या टोकापर्यंत धावते, झेप घेते, आणि हवेत असताना, का कोण जाणे, मान वळवून मागे बघते आणि हसते. खाली पडल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हशीसुद्धा हंबरल्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मी म्हटलं, "चेहरा दिसतोय."

टाळ्या थांबल्या. मॅडमनं विचारलं, "थोडासा?"

"नाही. पूर्ण."

तिनं उतरत्या उन्हाकडे बघितलं. मग म्हणाली, "उजेड जायच्या आत परत घेऊ."

शिडी चढायच्या आधी ती मुलगी माझ्याजवळ आली. रागानं नाही, तिला खरोखरच कळलं नव्हतं. "ताई, कशाला सांगितलंत?"

"तेच माझं काम आहे गं."

"कोणाला कळलं असतं?"

"मला कळलं होतं ना."

"पण तुम्ही तर इथल्याच ना? मेकअपवाले काका सांगत होते, तुम्ही इथे क्वार्टरमध्ये राहायच्या." तिचा तो प्रश्न तसाच राहिला, कारण वरून कुणीतरी हाक मारली. दुसऱ्या वेळी तिनं सांगितल्यासारखी उडी मारली. पाठ कॅमेऱ्याकडे, मान सरळ. गोणी टाकल्यासारखी. मी म्हटलं, "ठीक आहे," आणि सगळं ठीकच होतं.

त्या दिवशी घरी येताना बसमध्ये मी तुझ्याशी भांडले. जे दिसतं ते सांग, असं तू शिकवलंस. पण सांगितल्यावर कुणाचं काय जातं, ते बघायला शिकवलं नाहीस. मग वाटलं, शिकवलं असेलही, दम्याच्या औषधानं मी झोपले असेन.

पुढे अंधेरीत एडिटिंग चालू झालं. एडिटरनं मला बोलावून घेतलं. तो मुंबईचाच, फटकळ, सेटवर एकदाही न आलेला. तबेल्याचे दोन्ही टेक त्यानं लावून दाखवले. "हा दुसरा एकदम मेलेला आहे यार. पहिला का नको म्हणालीस?"

"त्यात चेहरा दिसतो."

त्यानं परत लावला, थांबवला, पुढे वाकून बघितलं. "मग? कुणाचा दिसायला हवा? हिरॉईनचाच आहे ना. काय झकास हसलीय बघ. अख्ख्या पिक्चरमध्ये कुठे हसलीय अशी?"

मी पडद्याकडे बघितलं. माझा रंग, दादानं बेमालूम लावलेला. नाक वेगळं, दात वेगळे, डोळे तर सर्वस्वी वेगळे. रोज माझ्या हाताशी लावून एकीला वर आणि एकीला खाली आणलं, ते इतकं सारखं झालं होतं की त्याला त्यापलीकडे काही दिसलंच नाही. मी मागे वळून बघितलं. मॅडम कोपऱ्यात बसली होती. तिला माहीत होतं. तिनं एवढंच विचारलं, "बाकी सगळं जुळतंय ना? झगा, वेणी, ओरखडा?"

"जुळतंय," मी म्हटलं.

आणि ते खरं होतं. जे विचारलं त्याचं खरं उत्तर मी दिलं. पण जे दिसत होतं ते सांगितलं नाही. हे आयुष्यात पहिल्यांदा झालं आणि माझे कान दिवसभर गरम होते.

कालच्या खेळाला ती मुलगी तिच्या आईला घेऊन आली होती. माझ्या शेजारीच बसल्या. तबेला आला तेव्हा तिनं अंधारात माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला. तिची आई मोठ्यांदा म्हणाली, "अगो, ती तूच ना?" पुढच्या रांगेतून कुणीतरी श्श केलं. सिनेमा संपल्यावर पैसे लावणारा माणूस उभा राहून बोलला, की सावळ्या मुलींना आजवर चेहरा नव्हता, तो या सिनेमानं दिला. मग हिरॉईन बोलली. बोलता बोलता ती रडायला लागली. "तो तबेल्याचा शॉट बघून मला वाटलं, ही मी आहे? मी इतकी मोकळी हसते?" तिला खरंच तसं वाटलं होतं गं. स्वतःचा चेहरासुद्धा तिला ओळखता आला नाही, का ओळखायचा नव्हता, कोण जाणे.

बाहेर समोसे होते. ती मुलगी दोन्ही हातांत एकेक घेऊन हसत सुटली. "ताई, कौतुक माझं चाललंय आणि रडतेय ती! रडू दे. पाड्यावर सगळ्यांना बरोब्बर कळणार." मग समोसा खाता खाता ती थांबली. "पण ताई, तो उजळ रंग लावला नसता, तर अजून मस्त दिसले असते ना मी?"

तो उजळ रंग म्हणजे माझा हात, हे ती विसरली होती. मी हो म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "चटणी घे ना."

निघताना मॅडमनं मला बाजूला घेतलं. "अजून एकदा सगळं बघून झालं ना तुझं? सोमवारनंतर काही बदलता येणार नाही. सोमवारी सकाळी चुका सांग. दिसतील त्या सगळ्या." 'सगळ्या' म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी सांगितलं तर पैसेवाला तो शॉट काढायला लावेल आणि मेलेली उडी घालेल, आणि त्या मुलीचा चेहरा कुठेच उरणार नाही. नाही सांगितलं तर तो चेहरा राहील, पण दुसरीचा म्हणून, आणि वर माझा रंग फासलेला. मॅडमनं ठरवायचं ते माझ्यावर टाकलं, की माझ्यावर विश्वास टाकला? एडिटरला हिरॉईन दिसली, त्या आईला तिची मुलगी दिसली. मला त्या शॉटमध्ये दर वेळी आधी माझा हात दिसतो. जे दिसतं ते सांग म्हणतेस. कुणाला दिसतं ते?

सकाळपासून मी एवढंच ठरवू शकले आहे. एका शॉटमध्ये पेल्यातलं पाणी वाढलंय, ते सांगीन. एका ठिकाणी झग्याची गाठ डावीकडून उजवीकडे गेलीय, ते सांगीन. तबेल्याचं सांगणार नाही. ती चूक आहे की नाही, हेच मला ठरवता आलेलं नाही, आणि न ठरवता तिला चूक म्हणणं म्हणजे न बघता बोलणं होईल. तुला हे पटेल की तू म्हणशील, पळवाट काढलीस? आधी मला वाटायचं, तू असतीस तर सांगितलं असतंस. आता वाटतं, तूही कदाचित म्हणाली असतीस, हात सरळ कर.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून शेवटचं तेवढं सांगून टाकते. दादानं विचारलं होतं, हाताला काही लावतेस का, आणि मी नाही म्हटलं होतं. मी लावते. तू गेल्यापासून दर रविवारी. त्याचा रंग चुकू नये म्हणून शूटिंगभर बंद ठेवलं होतं. गोरं व्हायला लावते, की त्या वासात तुझे हात येतात म्हणून, ते मी कधी स्वतःला विचारलेलं नाही. आज रविवार आहे. बाबांचा टीव्ही चालू आहे, ओट्यावर साय आणि बेसन कालवून ठेवलंय, आणि मनगटावर त्या मुलीच्या बोटांचा वळ अजून दिसतोय. त्या वळावरून घासायचं की तेवढी जागा सोडायची, एवढ्यासाठीच मी हे लिहीत बसले होते.